डोळ्याचं बेणं

तंबाखूच्या चुन्याची प्लास्टिकची पुडी लहान पोरांच्या हाती लागते. दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना म्हणजे अल्कली, आम्लाच्या उलट पदार्थ; तो आत आत जिरत जातो. पुढे बुबुळ पांढुरकं होतं, त्यावर लाल शिरा चढतात. घरचे म्हणतात, ‘फूल पडलंय, नेत्रदानातला डोळा बसवू.’ पण डोळा असा भाजलेला असेल तर नुसता कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बसवून भागत नाही. त्यावरचं अस्तर पेशंटच्याच डोळ्याला विणावं लागतं, आणि विणणारेच जळालेले असतात.

हे अस्तर म्हणजे पेशींचे पाच-सहा थर, सगळे मिळून मिलिमीटरचा विसावा भाग. पापण्यांच्या उघडझापीत वरच्या पेशी सतत झडतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत अख्खं अस्तर नवं होतं. काळं आणि पांढरं जिथं भिडतं, त्या एक-दोन मिलिमीटरच्या कडेला लिंबस म्हणतात. तिथं मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, दडून असतात. त्यांची पिलावळ मध्याकडे सरकत, वाढत जाते. थॉफ्ट आणि फ्रेंड या संशोधकांनी १९८३ साली हा हिशेब मांडला: एक्स + वाय = झेड. एक्स म्हणजे तळच्या पेशींचं विभाजन, वाय म्हणजे कडेकडून आलेली भर, झेड म्हणजे झीज. १९८६ साली आणखी एक दुवा सापडला. के-३ नावाचं केराटिन (एक प्रथिन) कॉर्नियाच्या पेशींत सगळीकडे असतं, पण लिंबसच्या तळच्या पेशींत नसतं. म्हणजे त्या अजून कॉर्नियाच्या ‘झालेल्या’च नाहीत! हीच कडा कुंपणही असते. ती गेली की बाहेरच्या पांढऱ्या भागातल्या पेशी रक्तवाहिन्या घेऊन आत घुसतात.

इटलीत पेलेग्रिनी आणि डी लुका या संशोधकांनी १९९७ मध्ये चांगल्या डोळ्याच्या कडेचा कणभर तुकडा प्रयोगशाळेत वाढवून जखमी डोळ्यावर बसवला. २०१० मध्ये त्यांच्या गटाने ११२ पेशंटांचे निकाल छापले. वाढणाऱ्या पेशींपैकी ३ टक्क्यांहून अधिक पेशींत पी-६३ हे मूळपेशींची खूण असलेलं प्रथिन ठळक असेल, तर यश ७८ टक्के; नाहीतर फक्त ११. ऊस लावणाऱ्याला हे लगेच कळेल. कांडं कितीही जाड असो, डोळा नसेल तर ते बेणं उगवत नाही.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या वीरेंदर सांगवान यांच्या चमूने २०१२ मध्ये तर प्रयोगशाळाच वगळली. चांगल्या डोळ्यातून दोन मिलिमीटरची पट्टी काढायची, तिचे आठ-दहा तुकडे करायचे. जखमी बुबुळावर बाळंतपणातल्या वारेचा पातळ पापुद्रा पसरून त्यावर ते फायब्रिनच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या, गोंदाने चिकटवायचे. अक्षरशः बेणं लावायचं! तुकड्यांतून पेशी पसरत एकमेकींना भिडतात. मला हे ऊती अभियांत्रिकीतलं (टिश्यू इंजिनिअरिंगमधलं) सर्वांत देखणं काम वाटतं.

दोन्ही डोळे गेले असतील तर? गालाच्या आतलं अस्तर वापरता येतं. जपानच्या ओसाकात २०१९ पासून प्रौढ पेशींना मूळपेशींच्या अवस्थेत मागे नेऊन घडवलेल्या आयपीएस पेशींचे पडदे बसवून पाहिले; चार पेशंटांचे निकाल २०२४ मध्ये आले.

म्हणूनच ‘स्टेम सेलचं एक इंजेक्शन, सगळे आजार बरे’ या जाहिरातींचा मला संताप येतो. नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी रक्त बनवतात, कॉर्निया नव्हे.

आणि चुना उडालाच तर अंगावरचं दूध, तूप, मध काहीही घालू नका. लगेच नळाखाली डोळा धरा, पापणी उलटून अडकलेले कण निघेपर्यंत भरपूर धुवा आणि तसंच डॉक्टरकडे पळा. ती कडा पहिल्या काही मिनिटांतच वाचवायची असते.