गवंडी पायथागोरसचं प्रमेय वापरतो का?

"शाळेची पायरी न चढलेला गवंडीसुद्धा पायथागोरसचं प्रमेय रोज वापरतो." गणिताची गोडी लावायला निघालेल्या व्याख्यानांत आणि रील्समध्ये हे वाक्य हमखास येतं. टाळ्याही मिळतात. पण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात खरी गंमत आहे.

पायाची आखणी चाललेली असताना जरा थांबून बघा. कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण करतात, दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर. मग दोन खुणांमध्ये टेप ताणतात. बरोबर ५ फूट भरले की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आला. नाही भरले तर दोरी सरकवायची आणि पुन्हा मोजायचं.

आता प्रमेय काय म्हणतं? जर त्रिकोण काटकोन असेल, तर कर्णाचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. 'जर'चा भाग म्हणजे पूर्वांग, 'तर'चा भाग म्हणजे उत्तरांग. प्रमेय वापरायचं तर पूर्वांग हाती हवं, म्हणजे कोन काटकोन आहे हे आधी ठाऊक हवं. गवंड्याला नेमकं तेच ठाऊक नाही! त्याच्याकडे बाजू आहेत, हवा आहे कोन. म्हणजे ५ फूट भरल्यावर तो जो निष्कर्ष काढतो, तो प्रमेयाचा नाही, प्रमेयाच्या व्यत्यासाचा आहे, म्हणजे 'जर' आणि 'तर' यांची अदलाबदल केलेल्या विधानाचा.

समजा टेपने ५ फूट १ इंच दाखवले. काटकोन असता तर प्रमेयानुसार ५ फूटच भरायला हवे होते. भरले नाहीत, म्हणजे काटकोन नाही. इथे मात्र मूळ प्रमेय पुरतं, व्यत्यास लागत नाही. 'जर प, तर फ' खरं असेल, तर 'फ नाही, म्हणून प नाही' हे आपोआप खरं ठरतं. टेप तोच, खुणा त्याच, पण 'चुकलं' हे प्रमेय सांगतं आणि 'जमलं' हे व्यत्यास सांगतो. (त्या एका इंचात कोन सुमारे ९२ अंश होतो, आणि २० फुटांच्या भिंतीचं दुसरं टोक आठेक इंच भलतीकडे जातं.)

व्यत्यास असा आपोआप मिळत नाही. आयताचे कर्ण समान असतात, हे खरं. पण कर्ण समान म्हणून चौकोन आयत? समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात. म्हणून जाणता गवंडी नुसते कर्ण मोजत नाही. समोरासमोरच्या भिंती सारख्या आहेत ना, हे आधी बघतो.

मग पायथागोरसच्या बाबतीत व्यत्यास खरा कसा? इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडने 'एलिमेंट्स' या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात प्रमेय ४७ वं विधान म्हणून सिद्ध केलं आणि लगेच ४८ वं म्हणून व्यत्यास, स्वतंत्र सिद्धतेसह. युक्ती सुरेख आहे. आपल्या ३-४-५ त्रिकोणाचा कोन माहीत नाही ना? राहू दे. शेजारी दुसरा त्रिकोण काढा, ३ आणि ४ बाजूंचा, त्यांच्यामधला कोन मुद्दाम काटकोन ठेवून. या नव्या त्रिकोणाला प्रमेय लावता येतं, म्हणून त्याची तिसरी बाजू ५. आता दोन्ही त्रिकोणांच्या तिन्ही बाजू सारख्या. बाबाबा कसोटीने ते एकरूप, म्हणून आपला अनोळखी कोनही काटकोन. सगळी भिस्त आहे ती तीन बाजू ठरल्या की त्रिकोण हलत नाही यावर. चौकोन हलतो.

शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदीच्या बांधणीचे नियम सांगणाऱ्या आपल्या प्राचीन ग्रंथांतही, १५-३६-३९ अशा दोरीने वेदीचे काटकोन साधलेले आहेत. तिथेही हाच व्यत्यास कामाला आला आहे. त्याचा अभिमान जरूर असावा, पण नियम सांगितला आहे म्हणून सिद्धताही दिली आहे असं फॉरवर्ड करू नये. ती तिथे नाही. आणि घराचा विषय निघालाच आहे तर: 'वास्तुदोष असेल तर पैसा टिकत नाही' हे वादापुरतं मान्य केलं, तरी 'पैसा टिकत नाही, म्हणजे वास्तुदोष आहे' हे त्यातून निघत नाही. वास्तुतज्ज्ञांची फी मात्र याच व्यत्यासावर निघते.

कधी कधी विधान आणि व्यत्यास दोन्ही खरे असतात, पण त्यांचा पाया वेगळा असतो. दोन रेषांना छेदणाऱ्या छेदिकेने केलेले व्युत्क्रम कोन (तिच्या विरुद्ध बाजूंचे आतले कोन) समान असतील तर रेषा समांतर: हे युक्लिडचं २७ वं विधान. रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान: हे २९ व्याचा भाग. नववीच्या वर्गात दोन्ही एका दमात पाठ होतात. पण पहिल्या २८ विधानांत युक्लिडने आपलं पाचवं, समांतर रेषांबद्दलचं गृहीतक कुठेच वापरलेलं नाही. २९ व्यात त्याला ते पहिल्यांदा घ्यावं लागलं. पुढे १८२९ मध्ये रशियन गणिती लोबाचेव्हस्कीने ते गृहीतक नाकारून वेगळी भूमिती मांडली. तिच्यात २७ वं विधान जसंच्या तसं टिकतं, २९ वं कोसळतं. त्याबरोबर पायथागोरसचं प्रमेयही जातं, आणि गवंड्याचं ३-४-५ सुद्धा.