जास्त वॅट म्हणजे जास्त भारी टोन? असं काही नसतं

गिटारसाठी ट्यूब अँप (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर) घ्यायचा तर किमान ५० वॅटचाच घ्या, ५ वॅटवाला म्हणजे खेळणं, हे ज्याने त्याने ऐकलेलं असतं आणि मग बजेट नाही म्हणून बिचारे थांबून राहतात. मुळात वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला साधारण दुप्पट वाटायला पॉवर दहापट लागते, म्हणजे ५ वॅटचा अँप ५० वॅटच्या निम्म्या आवाजाचा, दहाव्या हिश्श्याचा नाही!

आता टोनचं. ज्या उबदार, किंचित फाटलेल्या आवाजासाठी आपण ट्यूबच्या मागे लागतो त्यातला बराचसा भाग पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या ट्यूब, ताणल्या की येतो, आणि ५० वॅटवाला घरात तेवढा उघडाल तर शेजारी दारात येतील, त्यामुळे तो कायम व्हॉल्यूम दोनवर ठेवून वाजवायचा. एकाच ६व्ही६ किंवा ईएल८४ (दोन्ही पॉवर ट्यूबचे प्रकार) वर चालणारा छोटा अँप मात्र कमी आवाजातच फाटायला लागतो, पिक हलकं मारलं की क्लीन, म्हणजे न फाटलेला स्वच्छ आवाज, जोरात मारलं की करकरीत. (तरी बंद खोलीत ५ वॅटही कमी नाहीत बरं का.)

बँडमध्ये ड्रमसोबत क्लीन आवाज हवा असेल तर जास्त वॅट घ्याच, तिथे वाद नाही.

स्वस्तात घेताना स्पीकर बघा, ८ इंचीत बास जरा पोकळ येतो. आणि नुसतं ‘ट्यूब’ लिहिलंय म्हणून भुलू नका, कित्येकदा प्रीअँपला (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाला) एक १२एएक्स७ ही छोटी ट्यूब असते आणि पॉवर सेक्शन ट्रान्झिस्टरचा.