आवाजी मतदान की मतविभागणी? आपल्या खासदाराचं मत शोधण्याआधी

अधिवेशन संपलं की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी हमखास विचारतं, ‘त्या विधेयकावर आपल्या खासदाराने काय मत दिलं?’ मग अर्धा दिवस जुंपते. रत्नागिरीतला म्हणतो विरोध केला, मुंबईतला चाकरमानी म्हणतो बाजूने हात वर केला. पुरावा दोघांकडेही नसतो. बहुतेक वेळा तो अस्तित्वातच नसतो, कारण विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालेलं असतं आणि त्यात कुणाचंच मत नावानिशी नोंदलं जात नाही.

आवाजी मतदानात अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, बाजूचे ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’, आणि कौल कुणीकडे हे अध्यक्ष कानाने ठरवतात. कोकणातल्या कुठल्याही ग्रामसभेत हे बघायला मिळतं. सरपंच विचारतात ‘मंजूर?’, पुढच्या दोन रांगा ‘मंजूर’ म्हणतात, दाराशी उभा असलेला वरच्या वाडीतला कुणी काहीतरी पुटपुटतो, आणि प्रोसिडिंगच्या वहीत उतरतं: सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. दिल्लीत थाट मोठा, पण ‘नाही’ म्हणणाऱ्याचं नाव तिथेही उतरत नाही.

मतविभागणी तिथून पुढे सुरू होते. अध्यक्षांचा कौल एखाद्या सदस्याने मान्य केला नाही, तर तो मोजणी मागू शकतो. आपल्या विधानसभेत याला सरळ ‘पोल मागणं’ म्हणतात. लोकसभेत घंटा वाजते, लॉबीची दारं बंद होतात आणि प्रत्येक जण आपल्या बाकावरचं बटण दाबतो: बाजूने असेल तर हिरवं, विरोधात लाल, तटस्थ राहायचं तर पिवळं. कुणी काय दाबलं ते नावासकट कामकाजाच्या वृत्तांतात छापून येतं. तुम्हाला हवा असलेला पुरावा तो हाच.

यात एक पोटप्रकार आहे आणि फसगत तिथेच होते. मागणी विनाकारण आहे असं लोकसभा अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसती डोकी मोजू शकतात. अशा वेळी आकडा मिळतो, नावं नोंदली जात नाहीत.

विधानसभेतली उदाहरणं घ्या. 12 नोव्हेंबर 2014 रोजी फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. विरोधकांनी मतविभागणी मागितली, ती मिळाली नाही. त्या दिवशी बाजूने नेमके किती होते हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. 30 नोव्हेंबर 2019 रोजी ठाकरे सरकारच्या ठरावावर मात्र शिरगणती झाली: बाजूने 169, विरोधात शून्य, तटस्थ 4. त्या शून्यावरून कुणाचा विरोध नव्हता असं समजू नका, भाजपचे आमदार सभात्याग करून बाहेर गेले होते. तटस्थांमध्ये डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले होते. विरोध, तटस्थता आणि गैरहजेरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आमदाराने पाठिंबा दिला नाही’ या एका वाक्यात तिन्हींचा काला होतो.

हेच निकोले 10 जुलै 2025 रोजी पुन्हा दिसतात. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांविरुद्धचं राज्याचं जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं आणि त्याला विरोध करणारे ते एकटेच, अशा बातम्या आल्या. मतांचा तक्ता नव्हताच. त्यांनी उघड विरोध केला म्हणून डहाणूकरांना कळलं. गप्प बसलेल्यांचं काय मत होतं, ते त्यांच्या मतदारांनी त्यांनाच विचारायला हवं.

लोकसभेतही तीच तऱ्हा. वनसंवर्धन कायद्यातली दुरुस्ती, जिच्याशी सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांचा थेट संबंध, ती 26 जुलै 2023 रोजी गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. दोन महिन्यांच्या आत, 20 सप्टेंबरला, महिला आरक्षणाच्या विधेयकावर 454 विरुद्ध 2 अशी चोख मोजणी झाली. ती घटनादुरुस्ती होती. तिला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश पाठिंबा लागतो, त्यामुळे कानावर विसंबून चालत नाही. साध्या विधेयकावर मोजणी हवी तर कुणीतरी ती मागावी लागते.

म्हणून मतदान झाल्यावर ‘तुम्ही काय मत दिलंत?’ असं पत्र पाठवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. पक्षाने व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला असेल तर 1985 पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाची, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याची, टांगती तलवार असतेच. व्हीप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. मंत्री नसलेले सदस्य स्वतः मांडतात त्या शुक्रवारच्या खासगी विधेयकांवर सहसा तेवढी बांधिलकी नसते. आपल्याकडे ती परंपराही आहे: राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी 1967 मध्ये संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारासाठी खासगी विधेयक मांडलं होतं आणि देशभर त्यावर वाद झडला.

पत्र टाकायचंच तर विधेयक समितीकडे असताना टाका. समित्या जाहिरात देऊन लोकांकडून सूचना मागवतात. जनसुरक्षा विधेयकावर बारा हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या. मुदत चुकली तर गणपतीत साहेब गावात फिरतात तेव्हा गाठा, पण ‘लक्ष असू द्या’ एवढ्यावर परत येऊ नका. विधेयकाचं नाव घेऊन विचारा: ‘मताला आलं तर पोल मागाल का?’

मोजणी झालीच नसेल तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संसदेच्या कामाची माहिती ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर खासदाराची हजेरी, प्रश्न आणि चर्चेतला सहभाग पाहता येतो. तिथे मंत्र्यांच्या नावापुढे हजेरी दिसली नाही म्हणून लगेच स्क्रीनशॉट फिरवू नका; मंत्र्यांना हजेरीपटावर सही करावी लागत नाही.