हेलफायर क्लब

हेलफायर क्लब : अठराव्या शतकात इंग्लंड, आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या उमरावांनी चालवलेल्या स्वैराचारी खासगी मंडळांना मिळून हे नाव पडले आहे. मद्यपान, बाहेरख्यालीपणा आणि धर्मविधींची टवाळी ही त्यांची ठळक लक्षणे. सैतानाची पूजा, नरबळी वगैरे गोष्टी मागाहून चिकटल्या. त्यांना समकालीन पुरावा नाही. यांतले सर्वांत गाजलेले मंडळ सर फ्रान्सिस डॅशवुड यांचे. पण त्या मंडळींनी हे नाव स्वतःला कधी लावले नव्हते.

पहिले मंडळ ड्यूक ऑफ व्हार्टन फिलिप याने १७१९ च्या सुमारास लंडनमध्ये काढले. त्यात स्त्रियाही सभासद होत्या. प्रतिष्ठित बायकांनी मद्यगृहात जाणे तेव्हा शक्य नव्हते, म्हणून पुष्कळशा बैठका सभासदांच्या घरीच होत, आणि त्याही मुद्दाम रविवारी. ताटात ‘होली घोस्ट पाय’ (पवित्र आत्म्याच्या नावाचा पदार्थ) यासारखी पक्वान्ने असत. एवढ्यावर कुणी फारसे बिघडले नसते. पण १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या फुगलेल्या शेअरभावांचा फुगा फुटला, हजारो लोक बुडाले आणि देशाला लागलेला हा शाप पाखंडाचा आहे, असे बोलले जाऊ लागले. एप्रिल १७२१ मध्ये पहिल्या जॉर्जने असल्या मंडळांविरुद्ध फर्मान काढले. व्हार्टनने लॉर्ड्सच्या सभागृहात आरोप नाकारले आणि बायबलमधले उतारेही वाचून दाखवले. मंडळ मोडले. पुढच्याच वर्षी तो लंडनच्या फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाचा ग्रँड मास्टर (प्रमुख) झाला.

डब्लिनमधले मंडळ १७३० च्या दशकातले. अर्ल ऑफ रॉस रिचर्ड पार्सन्स हा त्याचा म्होरक्या, आणि नेहमीचा अड्डा कॉर्क हिलवरचे ईगल मद्यगृह. शहराबाहेर माँटपिलियर टेकडीवर विल्यम कॉनली यांनी १७२५ च्या सुमारास बांधलेली शिकारकोठी आज ‘हेलफायर क्लब’ म्हणूनच दाखवली जाते. ती बांधताना टेकडीवरच्या प्राचीन थडग्याचे दगड उपसले आणि पुढे वादळात छप्पर उडाले. लोकांनी ते सैतानाच्या माथी मारले. कॉनलींनी नंतर दगडी कमानीचे छप्पर घातले, ते टिकले.

डॅशवुड (१७०८–८१) यांचे प्रकरण निराळे. तरुणपणी इटली पालथी घालून आल्यावर १७३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ डिलेटान्टी’च्या संस्थापकांत ते होते. इटलीला जाऊन आलेला असणे ही या सोसायटीच्या सभासदत्वाची नावापुरती अट आणि दारू चढलेली असणे ही खरी अट, असा टोमणा लेखक होरेस वॉल्पोलने मारला होता. १७५१ च्या सुमारास डॅशवुडनी टेम्स नदीकाठचा मेडमनमचा जुना सिस्टर्शियन मठ भाड्याने घेतला. आठव्या हेन्रीने बंद केलेल्या या मठाचे त्यांनी मुद्दाम अर्धवट भग्न, गॉथिक रूप सजवले आणि दारावर ‘फे स क तू वूद्रा’, म्हणजे मनाला येईल ते कर, हे फ्रेंच लेखक राबलेचे वचन कोरवले. मंडळाचे नाव ठेवले ‘वायकमच्या संत फ्रान्सिसचे भिक्षू’. संत फ्रान्सिस म्हणजे अर्थातच यजमान स्वतः.

१७६३ मध्ये वॉल्पोल मठ पाहून आला. त्याच्या टिपणानुसार प्रत्येक भिक्षूला स्वतंत्र खोली होती आणि वेश पांढरा होता : पांढरी टोपी, पांढरे जाकीट, पांढरी विजार. प्रमुखाची टोपी मात्र लाल, सशाच्या कातड्याची किनार लावलेली. आत-बाहेर अशा दोन पायऱ्यांचे सभासद होते. बैठका महिन्यातून दोनदा आणि जून किंवा सप्टेंबरात आठवडाभराचा मोठा मेळावा, असे सांगतात. लंडनहून आणलेल्या बायकांना ‘नन’ म्हणत. पण खात्रीचा कागद एकच उरला आहे, तो मद्यकोठाराच्या वहीचा. कोणत्या ‘बंधू’ने क्लॅरेट, पोर्ट, लिस्बनच्या किती बाटल्या उचलल्या याच्या नोंदी त्यात टोपणनावांनी आहेत, एल्सबरीचा खासदार आणि पत्रकार जॉन विल्क्स तिथे ‘एल्सबरीचा जॉन’ होतो. बाकीची दप्तरे कारभारी आणि कवी पॉल व्हाइटहेडने १७७४ मध्ये मरणापूर्वी जाळली, असे म्हणतात. त्यामुळे आत काय चाले यावरचे बरेचसे लेखन शत्रूंचे किंवा कादंबरीकारांचे आहे आणि ते तेवढ्याच विश्वासाने वाचावे.

डॅशवुडच्या जहागिरीतली वेस्ट वायकमची भुयारे हे मंडळाचे ठिकाण म्हणून जाहिरातीत दिसते, पण ती आधी खाण होती. पीक बुडालेल्या वर्षांत गावकऱ्यांना काम मिळावे म्हणून डॅशवुडनी १७४८ ते १७५२ दरम्यान टेकडीतून मऊ चुनखडक काढवला. मजुरी दिवसाला १ शिलिंग. निघालेला दगड हाय वायकमकडे जाणाऱ्या, सुमारे ५ किलोमीटरच्या रस्त्यात घातला. भुयार सुमारे ४०० मीटर लांब आहे. वाटेत मोठे भोजनदालन, ‘स्टिक्स’ नावाचा ओहोळ आणि वरच्या चर्चच्या जवळजवळ ९० मीटर खाली शेवटची खोली. चर्चच्या मनोऱ्यावर सोनेरी गोळा बसवला आहे, त्यात पाचसहा माणसे दाटीवाटीने बसून पीत. भुयारात मात्र कायमचा गारठा आणि ओल. अशा जागेत रात्रभर मेजवानी झोडणाऱ्यांना मेडमनमच जास्त सोयीचे वाटले असणार.

मंडळ बुडाले ते राजकारणाने. १७६२ मध्ये लॉर्ड ब्यूटच्या मंत्रिमंडळात डॅशवुड अर्थमंत्री झाले. त्यांना आकडेमोड जमत नसे, आणि सफरचंदाच्या सायडरवर पिंपाला ४ शिलिंग कर लावल्याबरोबर सायडर पिकवणाऱ्या परगण्यांत दंगे झाले. सरकार एप्रिल १७६३ मध्ये गेले. त्याच महिन्यात विल्क्सने ‘नॉर्थ ब्रिटन’च्या ४५ व्या अंकात राजाच्या भाषणावर टीका केली. त्याला अडकवायला त्याचाच जुना सोबती अर्ल ऑफ सँडविच पुढे आला. विल्क्सने खासगीत छापून घेतलेले ‘एसे ऑन वुमन’ हे अश्लील विडंबन त्याने १५ नोव्हेंबर १७६३ रोजी लॉर्ड्ससमोर वाचले. ज्या काव्यावर हे लोक एकत्र हसले असते, त्यावरच नीतीचा आव! लंडनकरांनी सँडविचला ‘जेमी ट्विचर’ म्हणायला सुरुवात केली; ‘बेगर्स ऑपेरा’त साथीदाराला धरून देणाऱ्या चोराचे ते नाव. विल्क्स पॅरिसला पळाला, पण मेडमनमचा बोभाटा झाला आणि बैठका थांबल्या.

विल्क्सने एका विधीच्या वेळी माकड सोडून सँडविचची भंबेरी उडवली, ही कथाही याच सुमारास पसरली. बबून जातीचे ते माकड बंगालचा गव्हर्नर हेन्री व्हॅन्सिटार्टने हिंदुस्थानातून आणल्याचे काही ठिकाणी वाचायला मिळते. बबून हिंदुस्थानात सापडत नाहीत.

बेंजामिन फ्रँकलिन यांचे नावही सभासदांत घुसडले जाते. ते वेस्ट वायकमला पाहुणे होते आणि डॅशवुडबरोबर त्यांनी १७७३ मध्ये प्रार्थनापुस्तकाची संक्षिप्त आवृत्ती काढली, इतके नक्की; सभासदत्वाचा पुरावा नाही.

स्कॉटलंडमधले ‘बेगर्स बेनिसन’ सर्वांहून चिवट निघाले. फाइफ किनाऱ्यावरच्या अँस्ट्रथर गावात १७३२ मध्ये निघालेल्या या मंडळात जमीनदारांबरोबर व्यापारी आणि जकात अधिकारीही होते. ते १८३६ पर्यंत चालले. त्याची अश्लील चित्रांची पेयपात्रे आणि पदके सेंट अँड्रूज विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.