आधी कॅमेराच बाहेर पडतो

कॅमेरा भिंतीवर लावला, मोबाइलवर ॲप उघडलं आणि हॉलचं चित्र झकास दिसलं. काम फत्ते म्हणून चप्पल घालून खाली उतरलो, तर जिन्यातच चित्र गेलं. पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. वर आलो की चित्र हजर, खाली गेलो की गायब. दोन दिवस मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. दोष माझाच होता. घरात फोन आणि कॅमेरा एकाच वाय-फायवर असल्यामुळे दोघं राउटरमार्फत आपापसात बोलत होते, इंटरनेटचा त्यात काही संबंधच नव्हता. क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, कॅमेऱ्याची नोंदणी करायची पायरी मी ‘नंतर बघू’ म्हणून ओलांडली होती.

पण नोंदणी लागतेच कशाला? कॅमेऱ्याला पत्ता आहे, फोनला इंटरनेट आहे, मग थेट का नाही जोडता येत?

अडचण त्या पत्त्यातच आहे. माझ्या कॅमेऱ्याचा पत्ता होता १९२.१६८.१.३४. हाच पत्ता जगातल्या असंख्य घरांत कुठल्या ना कुठल्या यंत्राला दिलेला असतो. प्रत्येक इमारतीत ‘फ्लॅट नंबर ३०१’ असतो, तसंच हे. इंटरनेटची जुनी पत्तापद्धत ३२ बिटांची, म्हणजे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर काही आकडे घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले. सगळ्या घराला मिळून बाहेरचा पत्ता एकच, आणि आत-बाहेरचा हिशेब राउटरकडे. आतून कुणी बाहेर काही पाठवलं की राउटर आपल्या वहीत एक ओळ लिहितो : अमक्याने तमक्याला हाक मारली. उत्तर आलं की ओळ बघून ते योग्य यंत्राकडे पोहोचवतो. वहीत ओळ नसलेलं काही बाहेरून आलं, तर ते मुकाट्याने टाकून देतो. जिन्यातून माझ्या फोनने कितीही दार वाजवलं असतं तरी आत ऐकू जाणार नव्हतं. त्यात कित्येक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. म्हणजे आपल्या राउटरच्या पुढे आणखी एक वही.

पूर्वी यावर उपाय होता पोर्ट फॉरवर्डिंगचा : राउटरला कायमचं सांगून ठेवायचं की या क्रमांकावर जो येईल त्याला कॅमेऱ्याकडे सोड. चालतं ते. पण दार उघडं ठेवलं की फक्त आपणच आत येतो असं नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने नेमका याचाच फायदा घेतला. इंटरनेटवरून पोहोचता येणारे कॅमेरे आणि रेकॉर्डर शोधायचे आणि कारखान्यातून आलेले ६० हून अधिक ठरावीक युजरनेम-पासवर्ड लावून बघायचे, एवढीच त्याची युक्ती. अशी लाखो यंत्रं ताब्यात घेतली गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याच फौजेने वेबसाइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ (Dyn) या कंपनीच्या सर्व्हरांवर असा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या.

क्लाउडची युक्ती उलटी आहे. बाहेरून कुणी आत येतच नाही. आधी कॅमेराच बाहेर पडतो. वीज मिळाली, वाय-फाय जोडलं की तो कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो, ‘मी अमुक क्रमांकाचा कॅमेरा, हजर आहे.’ राउटरच्या वहीत ओळ पडते. मात्र ही ओळ फार वेळ टिकत नाही. वापर दिसला नाही तर राउटर ती खोडून टाकतो. म्हणून कॅमेरा ठरावीक सेकंदांनी एक छोटासा ‘आहे मी’ संदेश पाठवत राहतो, रात्रंदिवस, कुणी बघत असो वा नसो. आपण फोनवर ॲप उघडतो तेव्हा फोनसुद्धा त्याच सर्व्हरकडे जातो. सर्व्हर दोघांना एकमेकांचा बाहेरचा पत्ता कळवतो, दोघं एकाच वेळी एकमेकांकडे माहितीची पाकिटं सोडतात, आणि दोन्हीकडच्या राउटरांना वाटतं की सुरुवात आपल्याच माणसाने केली! जमलं तर चित्र थेट फोनवर येतं. काही राउटर इतके कडक असतात की ही चलाखी चालत नाही. मग सगळा व्हिडिओ सर्व्हरमार्फत फिरून येतो, जरा उशिराने. कॅमेऱ्यासमोर हात हलवावा आणि फोनमधला हात सावकाश हलावा, असा अनुभव आला असेल तर हा वळसा हे त्याचं एक कारण असू शकतं.

जोडणी मात्र गमतीची असते. कॅमेऱ्याला ना कीबोर्ड, ना पडदा. मग वाय-फायचा पासवर्ड त्याला सांगायचा कसा? बऱ्याच कॅमेऱ्यांत फोनच आपल्या पडद्यावर क्यूआर कोड दाखवतो आणि कॅमेरा तो आपल्याच भिंगातून वाचतो. फोन वीतभर अंतरावर धरून, ब्राइटनेस वाढवून, पडद्यावरची चमक चुकवत दोन-तीनदा पुढेमागे करावं लागतं. एवढं करूनही जोडत नसेल तर बहुधा कॅमेरा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरच चालणारा असतो आणि आपण त्याला ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायचं नाव दिलेलं असतं.

नोंदणी झाली, तरी चित्र अडखळतं. इथे बहुतेक जण डाउनलोडचा वेग तपासतात. तपासायचा असतो घरचा अपलोड वेग, कारण व्हिडिओ घराबाहेर जातोय. १९२० बाय १०८० ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चौकटींचं कच्चं चित्र पाठवायचं तर सुमारे ६२० मेगाबिट प्रति सेकंद लागतील. कॅमेरा ते दाबून दोन-चार मेगाबिटांवर आणतो. कसं? पूर्ण चित्र क्वचितच पाठवतो, मधल्या काळात फक्त काय बदललं तेवढं कळवतो. भिंत जागची हलत नाही, मग ती पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? (वाऱ्यावर हलणारं झाड समोर आलं की हा सगळा हिशेब बिघडतो.) ॲप उघडल्यावर चित्र यायला जे एक-दोन सेकंद जातात, त्यातला काही वेळ पुढचं पूर्ण चित्र येण्याची वाट बघण्यात जातो. नुसते बदल कळून उपयोग नाही, ते कशात बदलले हे आधी हवं. दोन मेगाबिटांनी अखंड चित्रण क्लाउडवर ठेवायचं म्हटलं तर दिवसाला २१ जीबीच्या वर जातं. म्हणून अनेक सेवा हालचाल झाली तेवढेच तुकडे ठेवतात.

आता नाजूक भाग. दार बंद राहिलं खरं, पण मध्ये एक तिसरा माणूस आला : सर्व्हर चालवणारी कंपनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘वाइझ’ या कॅमेरा कंपनीची सेवा काही तास बंद पडून पुन्हा सुरू झाली, तेव्हा एकदम आलेल्या ताणाखाली कुठला कॅमेरा कुणाचा याची सरमिसळ झाली आणि सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतली छोटी चित्रं दिसली. ग्राहकांनी पासवर्ड कितीही अवघड ठेवला असता तरी हे टळलं नसतं. टळलं असतं एंड-टू-एंड एन्क्रिप्शनने, कारण त्यात चावी फक्त आपल्या फोनकडे असते आणि सर्व्हरला कुलूपबंद डबा तेवढा दिसतो. ही सोय पुष्कळदा बंदच असते, सेटिंगमध्ये खोल कुठेतरी. मला विचाराल तर ती मिळत नसेल तिथे बेडरूममध्ये कॅमेरा लावूच नये. दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करणं आणि फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट करत राहणं, हे आहेच.

सगळं झाल्यावर मी फोनचं वाय-फाय बंद केलं आणि मोबाइल डेटावर चित्र पाहिलं. आलं. मग दुसरी परीक्षा : राउटरची पिन काढली आणि ॲपकडे बघत बसलो. चित्र तत्काळ थिजलं, पण नावापुढचा हिरवा ठिपका काही हलेना. सर्व्हर पुढच्या ‘आहे मी’ची वाट बघत होता, एक चुकला, दुसरा चुकला, आणि दीडेक मिनिटाने कुठे ठिपका करडा झाला. तेवढा वेळ ॲपच्या मते कॅमेरा ‘ऑनलाइन’च होता.