चंद्रावरचा फोटो आधी उलटा करून पाहा

चंद्रावर उभा असलेला बझ ऑल्ड्रिन आणि त्याच्या शिरस्त्राणाच्या सोनेरी काचेत इवलासा नील आर्मस्ट्राँग. हा फोटो आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. नासाच्या छायाचित्रांवर सहसा स्वामित्वहक्क नसतो. तरीही त्याच्या जुन्या कागदी प्रतीसाठी लिलावात चढाओढ होते. संग्राहकाला मोहिमेच्या काळातच केलेली प्रत हवी असते, आणि ती ओळखायला फोटो आधी उलटा करावा लागतो.

मागे ‘अ कोडॅक पेपर’ ही फिकट छापील खूण आणि बऱ्याचदा जांभळ्या शाईतली नासाची माहिती सापडते. पुढच्या बाजूला, वरच्या डाव्या कडेवर क्रमांक असतो. रंगीत प्रतींवर बहुधा लाल. एएस११-४०-५९०३ म्हणजे अपोलो ११, फिल्मचं मॅगझिन (कॅमेऱ्याला जोडायची फिल्मची डबी) ४०, फोटो क्रमांक ५९०३.

या फोटोची मूळ चौकट जरूर पाहावी. ती तिरकी आहे, ऑल्ड्रिनच्या डोक्यावर जागाच नाही, पाठीवरची अँटेना कापली गेली आहे. प्रसिद्धीसाठी वर काळं आकाश जोडलं गेलं. मला ती अपुरी चौकटच जास्त खरी वाटते. तिच्यावरच्या बारीक फुल्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या आहेत. हॅसलब्लाड कॅमेऱ्यात फिल्मच्या अगदी पुढे बसवलेल्या या काचेवर दर १० मिलिमीटरवर एक अशा २५ फुल्या होत्या. फिल्म जराही ताणली किंवा आकसली, तर फुल्यांमधल्या अंतरावरून ते कळे.

जुन्या रंगीत प्रतीत निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगद्रव्यांचे तीन थर असतात. ते सारख्या वेगाने विरत नाहीत. निळसर थर आधी विरला, की फोटो लालसर होतो. लग्नाच्या फोटोत हे चटकन कळत नाही; चंद्राच्या राखाडी मातीवर मात्र लगेच कळतं. म्हणून अशी प्रत उन्हाच्या भिंतीवर कृपा करून लावू नका. मूळ फिल्म ह्यूस्टनमध्ये उणे १८ अंश सेल्सिअसला जपून ठेवल्या आहेत.

एक प्रत मात्र कुणालाच जपता येणार नाही. एप्रिल १९७२मध्ये अपोलो १६च्या चार्ली ड्यूकने आपल्या कुटुंबाचा फोटो प्लॅस्टिकमध्ये घालून चंद्रावर ठेवला. तिथे दुपारी तापमान शंभर अंशांच्या वर जातं आणि सूर्याची अतिनील किरणं अडवायला हवा नाही. चेहरे केव्हाच पुसट झाले असतील. त्या फोटोच्या मागेही मजकूर आहे: घरच्या सगळ्यांच्या सह्या.