डॅन्यूबवरची संगीतसफर : पार्श्वभूमी

जर्मनीतल्या न्युरेम्बर्ग किंवा पासाउला बोटीत बसायचे, डॅन्यूब नदीवरून व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा करत आठवड्याभराने बुडापेस्टला उतरायचे आणि वाटेतल्या मुक्कामी कुठे मैफल, कुठे कॅथेड्रलमधले ऑर्गनवादन ऐकायचे, अशी ही सहल. जाहिरातीत ती थोर संगीतकारांची जुनी वाट म्हणून येते. तिचे आजचे रूप मात्र १९९२ नंतरचे आहे, आणि ते घडले मालवाहतुकीच्या एका हट्टातून.

जुन्या काळाला आधार नाही असे नाही. १७६२च्या शरदात सहा वर्षांचा मोझार्ट आई-वडील आणि बहिणीसह पासाउहून बोटीनेच व्हिएन्नाला गेला. वाटेत इब्सच्या मठात त्याने ऑर्गन असा वाजवला, की जेवायला बसलेले साधू ताट सोडून ऐकायला आले, असे वडिलांनी पत्रात लिहून ठेवले आहे. १८३० मध्ये व्हिएन्ना ते पेस्ट (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) वाफेची बोट धावली. पुढे रेल्वेने प्रवासी पळवले, १९१८ला ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया व हंगेरीच्या सीमेवर काटेरी तारा आल्या.

खरा वाद ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्या जोडणाऱ्या कालव्याचा. ऱ्हाइनची उपनदी माइन आणि डॅन्यूब यांच्यामध्ये डोंगराची धार आहे. ती ओलांडण्याचा पहिला प्रयत्न फ्रँक राजा शार्लमेनने ७९३ मध्ये केला; त्याचा चर आजही दिसतो. दुसरा १८४६चा, शंभर लॉक (बोटीला पाण्यासह वर-खाली करणारे दरवाजांचे हौद) असलेला अरुंद कालवा, जो रेल्वेपुढे टिकला नाही. तिसऱ्यासाठी १९२१ मध्ये सरकारी भागीदारीची कंपनी निघाली. तिने नदीवर वीजकेंद्रे बांधायची, वीज विकायची आणि त्या पैशातून कालवा खणायचा, असा हिशेब होता. बांबर्ग ते न्युरेम्बर्ग हा टप्पा १९७२ मध्ये पुरा झाला. इथवर फारसे कोणी ओरडले नाही.

ओरड झाली ती आल्टम्यूल खोऱ्यावरून. चुनखडीच्या कड्यांखालून वळणे घेत जाणारी ही छोटी नदी. डिटफुर्टपासून केल्हाइमपर्यंत सुमारे ३४ किलोमीटर तिचेच पात्र रुंद करून कालव्यात घालायचे ठरले. पक्षीप्रेमी, शेतकरी, अर्थतज्ज्ञ असे सगळेच विरोधात गेले. तेव्हाच्या केंद्रीय वाहतूकमंत्र्यांनी स्वतःच्याच खात्याच्या या प्रकल्पाला बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्यानंतरचे सर्वांत मूर्ख बांधकाम म्हटले आणि १९८२ मध्ये केंद्राने अंग काढून घेण्याची तयारीही केली. ज्या राज्यातून कालवा जाणार होता ते बव्हेरिया अडून बसले. त्याच वर्षी शरदात बॉनमधले, म्हणजे पश्चिम जर्मनीचे केंद्र सरकार बदलले आणि यंत्रे पुन्हा चालू झाली. विरोधकांच्या रेट्यामुळे काठ हिरवे राखण्यावर बराच खर्च झाला, कृत्रिम खाड्या केल्या गेल्या. आज पर्यटक ज्या देखाव्याचे फोटो काढतात, त्यातला बराचसा आराखड्यावरून आखलेला आहे. गेलेली नदी त्यातून परत आली असे म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल.

२५ सप्टेंबर १९९२ रोजी १७१ किलोमीटरचा हा कालवा खुला झाला. मालवाहतूक समर्थकांच्या आकड्यांच्या जवळपासही गेली नाही. कोरड्या उत्तर बव्हेरियाला डॅन्यूबचे पाणी पोहोचवण्याचा उपयोग मात्र झाला, हे विरोधकही मान्य करतात. मालाच्या रिकाम्या जागेत प्रवासी बोटी शिरल्या. ॲमस्टरडॅमहून निघून बोट न बदलता बुडापेस्ट गाठणे प्रथमच सहज जमू लागले आणि त्याच सुमारास सीमेवरच्या ताराही गेल्या होत्या.

बोटींचा आकारही कालव्यानेच ठरवला. लॉक १२ मीटर रुंद, म्हणून बोट साडेअकराच्या आत. लांबी जास्तीत जास्त १३५ मीटर. आत शिरताना दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरते आणि केबिनच्या खिडकीसमोर ओली, शेवाळलेली भिंत येते. सर्वांत उंच लॉक बोटीला सुमारे २५ मीटर वर उचलतात. पूल ठेंगणे असले की छतावरचे कठडे आडवे होतात, खुर्च्या आवरल्या जातात आणि कप्तानाची केबिन खाली दबते.

संगीताचा वारसा या मार्गावर नंतर बसवला गेला आणि तो बसवताना थोडी ओढाताण झाली. साल्झबुर्ग डॅन्यूबवर नाहीच; तिथे पासाउ किंवा लिंझहून बसने नेतात. बांबर्गचा नामवंत वाद्यवृंद प्राचीन वाटतो, पण तो १९४६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून हाकलल्या गेलेल्या जर्मन वादकांनी उभारला. योहान स्ट्राउसच्या ‘ब्लू डॅन्यूब’ या वॉल्ट्झची, म्हणजे नृत्यधुनेची गोष्ट तर आणखी गमतीची. फेब्रुवारी १८६७ मध्ये पुरुषांच्या गायकवृंदाने तो पहिल्यांदा गायला. ऑस्ट्रियाचा प्रशियाकडून झालेला पराभव ताजा होता आणि पोलीस खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने लिहिलेले शब्द थट्टेचे होते. १८७० ते १८७५ दरम्यान पूर टाळण्यासाठी व्हिएन्नाजवळ नवे सरळ पात्र खोदले गेले. क्रूझच्या बोटी थांबतात त्या या पात्रात. वॉल्ट्झ लिहिला तेव्हा ते नव्हतेच.

व्हिएन्नाच्या ज्या नववर्ष मैफलीची सीडी बोटीवर हमखास वाजते, तिची सुरुवात ३१ डिसेंबर १९३९ची, म्हणजे नाझी राजवटीतली. उत्पन्नही त्या राजवटीच्या निधीला गेले. ही मैफल करणाऱ्या व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने या काळावरचे इतिहासकारांचे लेखन २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. गाइड सहसा हे सांगत नाहीत. १९९० पासून पाच वेळा या मैफलीचे संचालन मुंबईत जन्मलेल्या ज्या पारशी संगीतकाराने केले, त्याचे नाव मराठी वाचकाला सांगायला नको.

एक भांडण अजून पुरते मिटलेले नाही. श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या सुमारे ७० किलोमीटरच्या पट्ट्यात डॅन्यूब बंधाऱ्याशिवाय मोकळी वाहते. २०१३ मध्ये बव्हेरियाच्या सरकारने तिथे बंधारा न घालण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे २०१८ किंवा २०२२ सारख्या कोरड्या वर्षी पाणी उतरले, की प्रवाशांना सामानासह बसमध्ये बसवून पट्ट्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या तशाच दुसऱ्या बोटीवर नेण्याची वेळ येते.